बांगडीच्या मापाची होडी

त्या दिवशी सकाळीच वारं फिरलं होतं. रोजचं वारं कसं, ऊन चढायच्या आत थोडं हलायचं आणि मग गपगार बसायचं. त्या दिवशी ते बसलंच नाही. धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळावरून धूळ उठत होती, आभाळ तांबूस झालं होतं, आणि लांब मधोमध उरलेलं पाणी बशीतल्या चहासारखं हिंदकळत होतं. मी काठावरच्या बाभळीखाली बसलो होतो. माझी बायको गया त्या पाण्यावर एकटी होती.

बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. किस्से म्हणजे गाळासारखे असतात बघा. पाणी भरलेलं असतं तोवर दिसत नाहीत, पण खाली साचत असतात. दुष्काळ पडला, पाणी हटलं, की सगळे उघडे! आमच्या मच्छीमार सोसायटीत तर इतके साचलेत, की काढायला जेसीबी लावावं लागेल. मी शाळेत गेलो नाही. सोसायटीत सही करायला म्हणून अक्षरं शिकलो आणि मग खोडच लागली. म्हणून हळूहळू लिहितो. घाई असेल त्यानं पुढं व्हावं.

*

आम्ही मूळचे शेतकरी. माजलगावचं धरण झालं आणि आमचं रान पाण्याखाली गेलं. नदीकाठच्या भोयांनी आम्हाला जाळं टाकायला शिकवलं. आपल्या पोटाचा धंदा दुसऱ्याला हाताला धरून शिकवायचा, हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. त्यांचं नाव अजून आमच्या घरी जेवणाआधी निघतं.

पण तेव्हा होडी कुठली? मग शेजारच्या गुऱ्हाळातली काहिल आणली. काहिल म्हणजे गूळ शिजवायची ती भली मोठी पसरट कढई. ती पाण्यावर छान तरंगते. गया म्हणाली, "मी बसते." गया अंगानं लहान. माझ्या खांद्याला तिचं डोकं लागत नाही, आणि मीसुद्धा काही ताडमाड नाही!

बसली. एक वल्हं मारलं, काहिल गोल फिरली. दुसरं मारलं, उलटी गोल फिरली. पुढं काही जाईना. काठावर आमचा शेजारी मुंजा उभा होता. अंगानं हत्ती, आणि जीभ अंगापेक्षा मोठी.

तो ओरडला, "वैनी, गूळ झाला का?"

गया फिरता फिरता म्हणाली, "झाला की भावजी! ढवळायला तेवढं तुमी या!"

*

पुढं सोसायटी झाली, फायबरच्या होड्या आल्या, बरे दिवस आले. गया जाळी विणायची, मासळी निवडायची, आणि मी पाण्यात जायचो. मग माझा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. त्यातच पाऊस रुसला.

पाणी कमी झालं की आमच्या सोसायटीत पाळी लागते. उरलेल्या पाण्यात एकेका दिवशी एकेका घरानं जाळं टाकायचं. नियम असा, की ज्याची पाळी त्याच्याच घरच्या माणसानं एकट्यानं होडी पाण्यापर्यंत न्यायची, एकट्यानं हाकायची, आणि एकट्यानं परत काठावर आणायची. मधे दुसऱ्याचा हात लागला, की पाळी गेली. मागच्या एका दुष्काळात दांडगे लोक "मदत करतो" म्हणून गरिबांच्या पाळ्या खाऊन बसले होते, म्हणून हा नियम आला. तो करताना सगळ्यात आधी हात मी वर केला होता. तेव्हा तो वर जात होता!

मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "तुमच्या घरचं कोण हाकणार? पाळी दुसऱ्याला द्यावी लागंल बरं का."

पोरी सासरी गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. मागून गयाचा आवाज आला, "मी हाकते."

मुंजा हसत हसत म्हणाला, "दादा, वैनी पाण्यात अन् तुमी काठावर! मंग तुमीच बांगड्या भरा आता!"

सगळे हसले. मीपण हसलो. काय करता!

*

सोसायटीच्या होडीवर गयाची परीक्षा घ्यायचं ठरलं. ही होडी केवढी? चार बाप्ये आणि त्यांच्या विड्या आरामात बसतील एवढी. गया मागं बसली तर पुढचं टोक आभाळाकडं! वारं आलं, होडी स्वतःच वळून काठाला परत आली. पुढं धोंडे ठेवले. टोक खाली आलं, पण आता होडी हलेना.

मुंजा म्हणाला, "वैनी, आदी दोन भाकरी खाऊन या!"

बरं, होडीचा काठ इतका उंच की वल्हं पाण्याला टेकवायचं तर कोपर काठावर आपटायचं. गयानं तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसून पाहिलं. तिसऱ्या वल्ह्याला डबा घसरला. डबा तरंगला, गया बुडी मारून वर आली.

चेअरमन काठावरून म्हणाले, "होडी चांगली हाय. माणूस बदला!"

*

मग थर्माकोल. थर्माकोलचे तुकडे खताच्या रिकाम्या पोत्यात भरून, शिवून, त्याचा तराफा करतात. हलका इतका की गया एका हातानं उचलायची. आम्ही खूश! तराफा रात्रभर अंगणात ठेवला.

सकाळी बघतो तर एक कोपरा गायब. आमची पांढरी शेळी शांतपणे रवंथ करत होती, आणि तिच्या दाढीला थर्माकोलचे दाणे चिकटलेले!

मुंजा भिंतीवरून डोकावला. पोट धरून हसला आणि म्हणाला, "दादा, आता हिचं दूध पाण्यावर टाकून बघा, तरंगतंय का!"

उरलेल्या तराफ्यावर गया बसली खरी, पण वाऱ्यानं तो पानासारखा उडायला लागला. खरं सांगायचं तर शेळीनं उपकारच केले. त्याच्या भरवशावर गयाला मधोमध पाठवली असती, तर हे लिहायला माझा हात धजला नसता.

*

आता कासाराचं सांगतो.

दिंद्रुडच्या बाजूचा एक म्हातारा कासार आमच्या गावात बांगड्या भरायला येतो. गया त्याच्यापुढं बसली. त्यानं काही विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, बोटं जुळवून बघितली, आणि एका झटक्यात नेमक्या बसणाऱ्या बांगड्या काढल्या.

मी म्हटलं, "मामू, न बसली तर?"

तो म्हणाला, "मोठी दिली तर गळून पडती. बारीक दिली तर फुटती. दोन्हीत चूक माझी. हातानं काय केलं बिचाऱ्या?"

हातातला चहा निवला. आम्ही सगळे इतके दिवस गयालाच होडीत बसवून बघत होतो. होडी गयाला बसते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी गयाला अंगणात पाय लांब करून बसवलं. तिच्या अंगाभोवती राखेनं रेघ ओढली. कंबर किती, मांड्या किती, पाय कुठवर, हात फिरवला तर कोपर कुठवर. ते सगळं एका दोरीवर गाठी मारून घेतलं. हे होईस्तोवर अंधार पडला, राख तशीच राहिली.

सकाळी बघतो तर राखेच्या त्या बाईच्या पोटावर एक लिंबू, आणि भोवती हळदकुंकू! मुंजाच्या आईनं रातोरात उतारा टाकला होता. म्हातारीला वाटलं, शेजाऱ्यावर कुणीतरी करणी केली. आमच्या काळजीनं ती रात्रभर झोपली नव्हती.

गयानं ते लिंबू उचललं, सरबत केलं, आणि पहिला पेला म्हातारीला नेऊन दिला.

*

धरणावर शहरातले हौशी लोक गळ टाकायला येतात, त्यांच्याकडं प्लास्टिकच्या एकट्याच्या होड्या असतात. त्यांना कयाक म्हणतात. तसल्या जुन्या होड्या विकणारा एक माणूस शहरात होता. मी दोरी खिशात घातली, गयाला घेतलं, एसटीत बसलो.

दुकानदार पोरगा भला होता. त्यानं एक लांबलचक लाल होडी दाखवली. "बाबा, ही घ्या. एकदम फास्ट! टॉप मॉडेल!"

मी खाली वाकून दोरी लावली. लांब होती, वाऱ्यात गयाला वळवता आली नसती. दुसरी रुंद होती, पुन्हा कोपराचं तेच दुखणं. तिसरी अगदी छोटी.

"ही पोरांची हाय, बाबा. मावशी बसतील, पण जाळं अन् मासे बसले की बुडंल."

हे त्यानं सांगितलं, न सांगता विकली असती तर मला कळलं नसतं. देव त्याचं भलं करो.

चौथी कोपऱ्यात पडली होती, उन्हानं रंग उडालेली. बसायची जागा बेताची, काठ बुटका, बूड सपाट, मागं जाळ्यापुरती जागा. गाठीला गाठ जुळली. मी म्हटलं, "गया, बसून बघ."

ती बसली नाही. पदराची चुंबळ केली, होडी डोक्यावर घेतली आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली!

पोरगा घाबरला. "मावशी, ही पाण्यात चालवायची असती!"

गया म्हणाली, "अन् पाण्यापत्तोर कोण नेणार? तू येतोस का, बाळा?"

बरोबरच होतं तिचं. पाणी एवढं लांब गेलं होतं की आमची निम्मी परीक्षा कोरड्यावरच होती. मग ती बसली. दोन्हीकडं पानं असलेलं ते वल्हं हवेत फिरवलं, कोपर कुठं लागलं नाही. म्हणाली, "भाकरी थापल्यागत वाटतंय." फक्त पाय टेकवायच्या खुंटीला तिचे पाय पोचेनात. तिथं मी घरी आल्यावर जेवायचा पाट कापून बसवला. त्या दिवसापासून मी भुईवर बसून जेवतो, आणि चांगलं जेवतो.

पैसे कुठून आले म्हणाल, तर पांढरी शेळी, तिच्या पोटच्या दोन पाठी आणि बोकड बाजारात गेले. जिनं एक होडी खाल्ली, तिनंच दुसरी दिली!

*

तर तो वाऱ्याचा दिवस म्हणजे आमच्या पाळीचा दिवस.

गया चुंबळीवर होडी ठेवून भेगाळलेल्या गाळातून निघाली. वाटेत आमचं जुनं रान उघडं पडलं होतं, विहिरीचं कडं दिसत होतं. त्या कड्याजवळ ती जरा थांबली, वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यातच जरा लवून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि पुढं गेली. काठावर सगळी सोसायटी गोळा झाली होती. मुंजा म्हणाला, "परात घिऊन निघाली बघा वैनी!" पण त्या दिवशी फार कुणी हसलं नाही.

तिनं मधोमध जाऊन जाळं टाकलं, तोवर वारं वाढलं. मग धुळीचा लोट मधे आला आणि पाणीच दिसेना.

चेअरमन म्हणाले, "दादा, बोलवा परत. पाळीचं नंतर बघू."

मी म्हटलं, "आवाज कुठं पोचतोय?" दोरी हातात होती, तिच्या गाठी मी एकेक चाचपत होतो. कंबर, मांडी, पाय, कोपर. कुठं चुकलो तर नाही?

तेवढ्यात मुंजा उठला. चपला टाकल्या आणि पाण्याकडं पळत सुटला. एवढा जड माणूस! पाणी जवळ आलं तसा ओल्या गाळात गुडघ्यापर्यंत गेला, मग मांडीपर्यंत. तिथंच रुतला, आणि हाका मारत राहिला, "वैनी! ओ वैनी!"

लोट खाली बसला. पाण्यावर एक ठिपका दिसला. होडी बुटकी, वाऱ्याला धरायला काही सापडत नव्हतं. लाटेबरोबर वर व्हायची, खाली व्हायची, आणि दोन्हीकडची पानं आलटून पालटून चमकायची. भाकरी थापल्यागत.

ती पाण्याच्या कडेला लागली, रुतलेल्या मुंजाच्या हाताशीच. त्यानं होडी ओढायला दोन्ही हात पुढं केले.

गया किंचाळली, "हात लावू नका, भावजी! पाळी जाईल!"

मुंजानं हात असे वर केले, जणू विस्तवाला लागले. आणि ते तसेच वर धरून तो उभा राहिला. गया उतरली, मांडीभर गाळात. माशांचं जाळं आधी खांद्यावर टाकलं. मग होडी ओढली, चुंबळ नीट केली, होडी डोक्यावर घेतली, आणि हळूहळू चालत बाभळीपर्यंत आली. होडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "पाट जरा ढिला झालाय, आवं. खिळा मारा."

चेअरमननी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "पाळी यांचीच."

मुंजाला दोर टाकून चौघांनी बाहेर ओढला. अंगभर गाळ. तो सरळ माझ्याकडं आला, शेजारी बसला. मग गाळानं भरलेला, खांबासारखा आपला हात त्यानं माझ्यापुढं केला आणि म्हणाला,

"दादा, कासार आला की मला हाक मारा. ह्या हातात बी एक भरायची हाय."