समोरचा पाट

शेवटच्या दिवशी मामाजींनी काहीच खाल्लं नाही. मला मात्र जेवायला लावलं. वाटीत पातळ वरण घेऊन मी चमचा ओठांशी धरला, तर त्यांनी मान फिरवली. म्हणाले, "तू जेव सूनबाई. मी पायतो." सासरा खाटेवर असा पडलेला आणि सुनेनं समोर बसून भाकर मोडायची! पण ऐकलं त्यांचं. घास तोंडात फिरत होता, डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ते समाधानानं पाहत होते… दिवेलागणीच्या आत गेले. त्याला आता दीड महिना होईल.

आमचं घर वरवट बकालचं, शेतीवाल्यांचं. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी मी या घरात सून म्हणून आले. मामाजी, माझे सासरे, म्हणजे मोठ्या आवाजाचा, खवचट बोलण्याचा आणि जेवणाचा शौकीन माणूस. ज्वारीची कडक भाकर, अंबाडीची भाजी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा असला की स्वारी खूश. ते जेवत तेव्हा सासूबाई समोर भुईवर बसून माश्या वारत आणि गावभरच्या गोष्टी सांगत. स्वतः मात्र मागाहून, चुलीशी, उरलंसुरलं खात. तशीच रीत आमच्याकडे. सासूबाई गेल्या आणि मामाजींचं ताट मी वाढू लागले. वाढायचं, पदर सावरायचा आणि आत यायचं. सासऱ्यासमोर सून थांबतही नाही, मग जेवायची गोष्ट सोडाच.

मान ठेवण्यात आम्ही काही कमी केलं नाही हो. त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी. आम्ही भाकर खायचो, त्यांना गव्हाची पोळी, वर डब्यातलं वनस्पती तूप, नाहीतर शिरा. म्हातारपणी बापाला भाकरीवर ठेवलं तर लोक काय म्हणतील, ही माझ्या यजमानांना धास्ती. आणि मामाजी दोन घास खाऊन हात धुवायचे. "भूक नाई," म्हणायचे. काठी टेकत पारावर जाणारा माणूस ओसरीवरच बसू लागला, मग ओसरीवरून खाटेवर गेला. अंगातला सदरा लोंबायला लागला.

बसनं जळगाव जामोदला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट चाचपलं, जीभ पाहिली. "रोग काही सापडत नाही," म्हणाले, "पण असेच न खाता राहिले, तर फार दिवस काढणार नाहीत. ते तूप नि शिरा बंद करा. भाकर वरणात कुस्करून द्या, पालेभाजी द्या, ताक द्या. थोडं थोडं, पण वेळेवर." आमच्या यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढा मान केला तो सगळा उलटाच निघाला.

दुसऱ्या दिवशी तसंच वाढलं आणि आत वळले, तर मागून बारीक आवाज आला, "मले एकट्याच्यानं खाल्ल्या जात नाई वं बाई…" एरवी ओसरीवरून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा माणूस! गेली रीत खड्ड्यात, म्हटलं, आणि माझं ताट घेऊन त्यांच्यासमोर भुईवर बसले. पदर नाकापर्यंत, मान खाली, घास काही गिळवेना. थोड्या वेळानं ते म्हणाले, "भाजी खारट झाली का? नाई, तू खाऊन राह्यली नाई म्हणून इचारलं." मी पदरातच फिस्सकन हसले. त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं.

शेजारच्या चुलतसासूबाईंना हे कळायला कितीसा वेळ लागतो? अंगणातूनच सुरू झाल्या, "सासऱ्यासमोर तोंड हालवते! असी सून पायली नाई बाप्पा!" मामाजी आतून कडाडले, "मंग मी उपाशी मरू का? तुमची रीत येऊन मले घास भरवते का?" बाई पुढे महिनाभर फिरकल्या नाहीत.

हळूहळू मामाजी पुन्हा पारावर जाऊ लागले, परसातल्या वांग्यांना पाणी घालू लागले. एक दिवस सुताराकडून नवा पाट काखेत मारून आले. "हा तुहा. भुईवर काऊन बसते?" मग पाटावरून हात फिरवत राहिले. "तुह्या सासूले उभ्या जन्मात कधी पाट देला नाई म्या. रोज समोर बसे थे, पण जेव म्हणून कधी म्हटलं नाई…"

कितीतरी वर्षं आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. हे मात्र आमच्यात कधी बसले नाहीत. बापाच्या देखत बायकोसोबत जेवायचं? छे! ते आपले मागाहून, एकटे. यंदाच्या थंडीत मामाजींना ताप आला आणि अन्न पुन्हा सुटलं. या खेपेला समोर बसूनही काही चालेना. मी बसून राहायचे, तेही बसायचे, आणि ताट निवून जायचं…

तेरवी झाली, पाहुणे गेले. सांजेला मी यांचं ताट मामाजींच्या पाटापुढे वाढलं, कारण घरातले कर्ते आता हेच. आणि जुन्या सवयीनं आत वळले. हे जेवायला लागल्याची चाहूल येईना, म्हणून डोकावून पाहिलं. ताटाकडे बघत नुसते बसले होते, भाकरीला हातसुद्धा लावला नव्हता.

"काय झालं? भाजी खारट आहे का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुहा पाट कुठी आहे?" म्हणाले.