कागदापुरता नालायक

लोहाऱ्याच्या तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या बाईंनी मला फसवलं. मी बैलांचा व्यापारी. पायात चप्पल नव्हती तेव्हापासून बाजारात उभा आहे. रुमालाखाली बोटं धरून भाव करताना भलेभले गार केले. या बाईंनी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये बसून, भर दुपारी, मला उघड्यावर गुंडाळलं.

तुम्ही त्यांना पाहिलं असेल. चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं आणि म्हणायचं, "कागदापुरतं हो." हयातीच्या दाखल्याला आलेला म्हातारा चिडला, की त्यालाही तेच. "तुम्ही जित्ते हाय ते दिसतंय बाबा. कागदापुरतं लागतंय."

माझी थोरली बहीण आणि मेहुणे सास्तूरच्या रस्त्यावर अपघातात गेले. त्यांची पोरगी चौदाव्या वर्षी माझ्या घरी आली. धाकटी बहीण इंग्लंडात असते. दोन वर्षांनी ती म्हणाली, पोरीला माझ्याकडं पाठव, इथं शिकेल. पोरीलाही जायचं होतं. व्हिसाच्या यादीत एक अट होती : भारतात तिला सांभाळायला लायक असं कुणी उरलेलं नाही, हे दाखवा.

यादी मी बाईंच्या टेबलावर आपटली. "मग मी कोण हाय?"

"तुम्ही कागदापुरते नालायक व्हा," बाई म्हणाल्या. "बैल विकताना त्याची खोड सांगता का, भाऊ?"

"इचारल्याबिगर कोण सांगतंय?"

"मग मी इचारतीय. सांगा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैलांचे भाव पाडले, त्या दिवशी स्वतःचा पाडायला बसलो. गुडघे गेलेत. साखर आहे. बायको वारली, घरात बाईमाणूस नाही. आठवड्यातले चार दिवस मी बाजार फिरतो, पोरगी एकटी राहते. बाई भराभर इंग्रजीत टाइप करत होत्या. मग थांबल्या. "राग?"

मला राग येत नाही, हे मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की तहसीलचा शिपाई बाहेर येऊन बघून गेला. बाईंनी एक ओळ वाढवली.

पोरगी शेजारच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मामा लई वरडतात. पण पहिली भाकरी मलाच वाढतात. मी जेवल्याबिगर बसत न्हाईत."

बाईंचे हात थांबले. चष्मा कपाळावर गेला. "हे नको," त्या हळूच म्हणाल्या. "हे लिहिलं तर व्हिसा व्हायचा न्हाय."

मी सही केली.

व्हिसा झाला. पोरगी गेली. रविवारी तिचा फोन येतो. मी ओरडूनच बोलतो, आणि ती दर वेळी आधी विचारते, मामा, जेवलात का.

परवा त्या कागदाची झेरॉक्स सापडली. गावातल्या मास्तरांकडून मराठीत वाचून घेतली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हीच ती फसवणूक. कागदापुरतं म्हणून बाईंनी माझ्याकडून सगळं खरं काढून घेतलं, आणि माझ्या बाजूचं एकच वाक्य होतं, तेवढं वगळलं.

तसाच जीप धरून लोहाऱ्याला भांडायला गेलो. शेडमध्ये टेबल नव्हतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, बाई उन्हाळ्यातच वारल्या. मला क्षणभर वाटलं, हेही कागदापुरतंच असेल.

आता इंग्लंडातल्या कुठल्याशा कचेरीत माझी फाइल पडली आहे. तिच्यात माझे गुडघे आहेत, साखर आहे, राग आहे. भाकरी नाही. बाई काही आता बोलायच्या नाहीत. मग ती अट ज्यानं लिहिली, त्यानं बोलावं. बिनआईबापाच्या पोरीला मावशीकडं जायला मामा नालायकच का लागतो, याचं उत्तर मला पाहिजे. तोंडी चालणार नाही. कागदावर द्या, सहीशिक्क्यानिशी.