सत्तेचाळीसचे टायर

योरित हाग्स्माचा कशावरच विश्वास नव्हता. लोण्याच्या पाकिटावर अडीचशे ग्रॅम छापलेलं असलं तरी तो ते घरी आणून तोलायचा. रेडिओने वारा पश्चिमेचा सांगितला की अंगणात जाऊन ओलं बोट वर धरायचा. शेजारच्या बाई एकदा सहज म्हणाल्या, "आज छान दिसतोस," तर हा घरात येऊन सदऱ्याची पाठ आरशात बघत बसला.

नोकरीही त्याला स्वभावाला साजेशी मिळाली होती. त्याच्या डोकुम गावाभोवतीची जमीन समुद्रापेक्षा खाली, इतकी की पंप चार दिवस बंद राहिले तर गायींना पोहावं लागेल. त्या पंपांवरचे मापक खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं काम तो चौतीस वर्षं करत होता. मापक काहीही दाखवो, तो आपली काठी पाण्यात बुडवूनच बघणार. साहेब त्याला चोख माणूस म्हणायचे. त्याच गुणाला सित्स्के, म्हणजे त्याची बायको, घरात दुसरं नाव द्यायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कचेरी लेउवार्डनला, एका बाजूने बावीस किलोमीटर. जाणं-येणं सायकलवर, पाऊस असो की गारा. आणि दर जुलैला त्याच सायकलच्या मागे पिशव्या अडकवून नवराबायको तीन आठवडे बाहेर पडायचे. त्या तीन आठवड्यांसाठी तो बाकीचं वर्ष ढकलायचा म्हटलं तरी चालेल. यंदा डेन्मार्कच्या पार वरच्या टोकापर्यंत जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्याने ठरवलं होतं. सित्स्के नुसतं "बघू" म्हणाली होती. हे "बघू" ती गेली दोन वर्षं म्हणत होती आणि ते त्याला कुसळासारखं टोचत होतं. एक दिवस ही "नाही" म्हणणार, अशी त्याला धास्ती होती. विचारायची मात्र हिंमत नव्हती.

मार्च आला. शेतकऱ्यांनी काटेरी कुंपणं छाटली, काटे नेहमीप्रमाणे सायकलच्या रस्त्यावर पडले आणि योरितला आठवड्यात तीनदा वाटेत ट्यूबला ठिगळ लावावं लागलं. टायर म्हातारे झालेच होते. बाजूंना भेगा पडल्या होत्या, मधली नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. शनिवारी तो फोल्कर्टच्या सायकलच्या दुकानात गेला.

फोल्कर्टकडे तो अकरा वर्षं जात होता. गिऱ्हाईक आलं तरी हा गृहस्थ हातातली कॉफी संपवल्याशिवाय उठत नसे. पण त्या दिवशी योरित दारात दिसताच तो ताडकन उठला, आत गेला आणि एक जाडजूड टायरची जोडी घेऊन आला.

"हे घे. तुझ्यासाठी हेच."

योरितने कान टवकारले. "मी अजून तोंड उघडलं नाही."

"तोंड काय उघडायचंय? टायर घ्यायला आलास ना? सत्तेचाळीस मिलिमीटर रुंद. आत रबराचा इतका जाड थर आहे, की खिळ्यावरून गेलास तरी फुस्स होणार नाही. रोजच्या जाण्यायेण्याला उत्तम, सहलीला सामान लादलं तरी उत्तम."

"मी सदतीसचे वापरतो. तूच देतोस."

"तेव्हा तू तरुण होतास."

"मागच्या खेपेला?"

फोल्कर्टने कॉफीचा घोट घेतला. योरितने पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि दुकानाच्या टेबलावर मांडला. फोल्कर्टला यात नवीन काही नव्हतं. जाड टायर भरला एक किलो तीस ग्रॅम. सदतीसचा भरला सहाशे ऐंशी.

"साडेतीनशे ग्रॅम जास्त! दोन चाकांचे मिळून सातशे. एवढं ओझं मी रोज चव्वेचाळीस किलोमीटर कशाला वाहू?"

"पंक्चर होत नाही, बाबा."

"आणि तुला सुटतं किती यात?"

"कमी सुटतं. हे तुझ्या नेहमीच्यापेक्षा स्वस्त आहेत."

झालं! महाग माल गळ्यात मारणारे दुकानदार योरितने खूप पाहिले होते. मुद्दाम स्वस्त माल पुढे करणारा हा पहिलाच. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुरणारं पाणी शोधण्यात तर त्याची हयात गेली होती. काही न घेता तो घरी आला.

सित्स्के ओट्यापाशी लीकची जाड कांदापात चिरत होती. तो म्हणाला, "फोल्कर्ट माझ्या गळ्यात भलतेच जाड टायर बांधायला बघतोय."

"मग घे की," ती मान वर न करता म्हणाली. "सत्तेचाळीसचे काही वाईट नसतात."

योरित खुर्चीत बसता बसता थांबला. तेहेतीस वर्षांच्या संसारात या बाईने टायरबद्दल काढलेला हा पहिला शब्द. आणि सत्तेचाळीस हा आकडा त्याने सांगितलाच नव्हता. जेवताना तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ती बटाट्यांकडे बघत राहिली.

रविवारी ती चर्चच्या गायनाच्या सरावाला पायी गेली, तेव्हा हा सरळ मागच्या शेडमध्ये शिरला. तिची सायकल भिंतीला टेकवलेली होती. टेकवलेली का, तर तिला स्टँडच नव्हता. काढून टाकला होता. पुढची वेताची टोपली गायब, जाड साखळीचं कुलूप गायब. आणि चाकांवर नवेकोरे टायर. बाजूला चमकणारी पांढरी पट्टी, हात लावला तर सायकलच्या टायरपेक्षा हातमोज्यासारखे मऊ. असले हलके आणि महाग टायर फोल्कर्ट काचेच्या कपाटात ठेवायचा, आणि योरित दर वर्षी त्यांच्यासमोर उभा राहून लोक कशावर उधळतात ते बघायचा.

तो एका उलट्या बादलीवर बसला. बायको गुपचूप सायकल हलकी करते आणि नवऱ्याची जड करायला बघते, याचा अर्थ काय? पळून जाणारा माणूस आधी आपलं ओझं कमी करतो आणि मागे लागणाऱ्याचं वाढवतो. डेन्मार्कला ती जाणार होती, पण याच्याबरोबर नाही. मग कुणाबरोबर? फोल्कर्टची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. या वयातही त्याच्या पोटऱ्या बघण्यासारख्या होत्या. योरितला भर मार्चमध्ये घाम फुटला.

सोमवारी त्याने चौतीस वर्षांत पहिल्यांदा कचेरीला उशिरा येतो असं कळवलं आणि दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला.

"खरं सांग," तो म्हणाला. "तुझं आणि माझ्या बायकोचं काय चाललंय?"

फोल्कर्टच्या हातात किल्ली होती, ती तशीच राहिली. "टायर," तो म्हणाला.

"चेष्टा नको."

"अरे देवा! टायर, लेका, टायर! तिला हलके हवे होते आणि तुला जड द्यायचे होते. फेब्रुवारीत आली होती. का, ते तिलाच विचार. मी सायकलवाला आहे, पाद्री नाही. आणि माझ्या पोटऱ्यांकडे असा बघू नकोस."

योरित घरी परतला तेव्हा सित्स्के अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याला या वेळी दारात बघून तिने ओळखलंच. हातातला चिमटा तिने दोरीला लावला आणि म्हणाली, "सांगितलं ना त्या फोल्कर्टने?"

"टायर एवढंच म्हणाला. तू एकटीच जाणार आहेस का?"

"कुठे?"

"डेन्मार्कला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "एकटी? मूर्खा, तुझ्याबरोबर जाता यावं म्हणून चाललंय हे सगळं. मला आता तुझ्याबरोबर चालवणं जमत नाही, योरित. दोन उन्हाळे झाले. मी फक्त तुझी पाठ बघते, तीही लांबून."

"पण मी थांबतो की! प्रत्येक चौकात थांबतो."

"थांबतोस. एक पाय जमिनीवर टेकून मस्त उभा असतोस. आणि मी पोचले रे पोचले, की निघतोस. तुझा दम खाऊन झालेला असतो. माझा कधी व्हायचा?"

हजारो चौक योरितच्या डोळ्यांसमोरून गेले. प्रत्येक चौकात त्याने वाट पाहिली होती आणि त्याबद्दल मनात स्वतःची पाठही थोपटली होती. तिला धापा टाकत येताना पाहून "चला!" म्हणायचा, तेही तोच. त्याला स्वतःची लाज वाटली. खूप लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुला? मी दमते म्हटलं असतं तर तू माझ्या चाकांची हवा तपासली असतीस. मग चेन. मग माझी नाडी. आणि वीजवाली सायकल घ्यावी, तर कचेरीतल्या रुएर्डच्या बायकोने घेतली तेव्हा तू त्या सायकलला फिरता फ्रिज म्हणालास. सगळ्यांसमोर."

"म्हणालो होतो," तो हळूच म्हणाला. तरी त्याच्याच्याने राहवलं नाही. "पण सातशे ग्रॅमने काय होणार, सित्स्के? तासाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडेल फार तर. तुम्हा दोघांचा बेत अगदीच कच्चा होता."

"मग तू काढ पक्का," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

त्याच संध्याकाळी त्याने सत्तेचाळीसचे टायर आणले. मागचं चाक काढायला चेनचं पूर्ण कव्हर उतरवावं लागतं, त्यात तास गेला. जाड टायर मडगार्डला घासत होता, म्हणून मडगार्डला धरणाऱ्या सळया सैल करून ते वर उचललं. सित्स्के दोनदा शेडच्या दारात येऊन बघून गेली.

पुढच्या रविवारी ते होल्वर्टच्या समुद्रबंधाऱ्याकडे निघाले. वारा समोरून होता. टायर रस्त्यावर घूंऽऽ आवाज करत होते आणि योरित मुद्दाम सावकाश पाय मारत होता. तरी पहिल्या गावापुढच्या चौकात तो पोचला तेव्हा ती दोनशे मीटर मागे होती. सवयीचं शरीर ते. टायर बदलून ते थोडंच बदलणार?

त्याने पाय टेकला. ती आली, तोंड लाल झालेलं, श्वास फुललेला. योरितचा पाय आपोआप पेडलवर गेला. मग त्याने तो काढला, सायकलवरून उतरला आणि स्टँड लावला.

सित्स्केने आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, मग त्याच्या मागच्या चाकाकडे.

"पंक्चर?"

"नाही."

"चेन उतरली?"

"नाही."

"मग उतरलास कशाला?"

"तू आत्ता तर आलीस," योरित म्हणाला.