ताईची जाड पिन

सगळ्या लॅपटॉपना एकच पिन हवी, जुन्या पार बंद करून टाका, असं माझी भाची तावातावाने सांगते. एका वायरीवर अख्खं घर चार्ज होतं, कचरा कमी. खरंय गं बाई, पण एकदा तुझ्या आईला विचार.

तिची आई म्हणजे माझी ताई. डॉक्टर रिपोर्ट बोलून पाठवतात, ते ऐकून ती घरून टाइप करून देते. बसते स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला, कुकरच्या शेजारी, हेडफोन कानात कोंबून. तिचा जुना लॅपटॉप नुसतं धूड होतं. चार्जरची पिन गोल, जाडजूड. घरात दुसऱ्या कशालाच बसायची नाही. त्यामुळे तो चार्जर सकाळी ठेवला तिथेच संध्याकाळी सापडायचा.

मग सगळ्यांनी हौसेने तिला नवा लॅपटॉप आणला. नवी पिन! लगेच चार्जरला पाय फुटले. कधी भाचीच्या फोनला, कधी भाऊजींच्या टॅबला. "पाचच मिनिटं घेते गं आई!" आणि ताई आपली खोल्याखोल्यांतून वायर शोधत फिरतेय. मीच भांडून आणखी दोन चार्जर आणायला लावले. तेही गडप!

त्यात टायपिंगची परीक्षा आली. पास झाली तर हॉस्पिटल तिला कायम करणार होतं. परीक्षा घरूनच द्यायची, पण मध्ये बंद पडलं की बाद. रात्रभर म्हणून लावलेला चार्जर कुणीतरी काढून नेला होता. अर्ध्यावर बॅटरीने मान टाकली. चार्जर भाऊजींच्या बॅगेत आणि भाऊजी ऑफिसात! मी तिथेच भाजी निवडत होते, डोकं असं सणकलं म्हणून सांगू! ताईने हेडफोन काढून ठेवले.

"दमले गं," एवढंच म्हणाली.

हातापाया पडून तिने परीक्षा पुन्हा मिळवली. भाऊजी ओशाळले, चार्जरवर तुझं नाव चिकटवू म्हणाले. ताईने ऐकून घेतलं आणि माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. भाचीने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, सगळं जग एका पिनेवर चाललंय!"

"जगाचं चालू दे," ताई म्हणाली. "माझी मला वेगळीच बरी."

परीक्षेच्या दिवशी मी पहाऱ्याला बसले. ताईची बोटं सुरू झाली. तेवढ्यात भाची फोन घेऊन आली, सवयीने टेबलाशी वाकली, वायरीला हात घातला. माझा जीव टांगणीला! तिने पिन बघितली, तोंड वाकडं केलं आणि निघून गेली.

ताई पास झाली, कायम झाली. त्या दिवशी आम्ही तिला जराही त्रास दिला नाही, असं घरात सगळे सांगतात. नाहीच दिला. पिन बसत नव्हती ना.