बेबीकाकूचं गरम जेवण

बेबीकाकूला राग आला की ती बोलायची नाही. गॅस बंद करायची, ओटा पुसायची आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायची. पाच-दहा मिनिटांनी उठून पुन्हा गॅस लावायची. तेवढ्या वेळात घरातलं कोणी आत डोकावत नसे. मीही नाही.

कॉलेजसाठी मी तीन वर्षं काका-काकूंकडे नागपूरला, नंदनवनात राहिले. काका हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. त्यांचा डबा, दोन्ही मुलांचे डबे, आजोबांचं पथ्याचं, मग सगळ्यांना तव्यावरची पोळी. तिची जेवायची पाळी येईपर्यंत बाकीचे जेवून हात धुतलेले असायचे. ती ओट्यापाशी उभी राहून गार भात खायची. "बस ना काकू," म्हटलं तर म्हणायची, "बसली त उठायचं जिवावर येते वं."

वर्षभरात तिची एकच मागणी असे. दिवाळीचे पाहुणे गेले की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सक्करदऱ्याजवळच्या चायनीज हॉटेलात जायचं. तिथे ती मधल्या खुर्चीत बसायची आणि वेटरला बजावायची, "भैया, पहले मेरे को देना." सुपाचा वाडगा दोन्ही हातांत धरायची आणि डोळे मिटून पहिला घोट घ्यायची.

माझ्या तिसऱ्या वर्षी त्या दिवशी ती संध्याकाळी पाचलाच नवी साडी नेसून तयार होती. काका फोन ठेवून आत आले. "अवं, हाटेल राहू दे. कंपनीतले चौघं फॅमिली घेऊन येऊन राहिले. तूच कर ना चायनीज. तुह्या हातचं हाटेलपेक्षा भारी असते."

मुलं लगेच "हो, हो," म्हणाली. आणि मी म्हणाले, "खरंच काकू, तू करतेस तेच जास्त छान लागतं." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"तू बी?" एवढंच म्हणून काकू आत गेली. मला वाटलं, स्टुलावर बसेल. ती पर्स घेऊन बाहेर आली आणि सरळ रस्त्यावर गेली. मी धावत सुटले. तिने रिक्षात सरकून मला जागा दिली. "ये. पण समजावू नको मले."

हॉटेलातल्या वेटरने ओळखलं. "बाकी लोग, आंटी?"

"बाकी लोग नहीं. सूप लाओ."

ती जेवत होती, पण कुणाचा तरी लचका तोडावा तशी. "अठ्ठावीस वर्षं झाले लग्नाले. म्या कोणाले सोनं मांगितलं? साड्या मांगितल्या? वर्षातून एकदा कोणीतरी मले गरम वाढावं. तेबी त्याइले जड झालं?"

तेवढ्यात काकांचा फोन आला. "काकूले विचार, सोया सॉसची बाटली कुठं हाय?" मी फोन तिच्याकडे दिला.

"दुकानात हाय. आणा जाऊन," म्हणून तिने फोन टेबलावर पालथा घातला आणि नूडल्स मागवल्या.

आम्ही परतलो तेव्हा पाहुणे चिवडा खाऊन गेले होते. "चार लोकांत नाक कापलं माह्यं!" काका ओरडले. महिनाभर त्यांनी अबोला धरला आणि हॉटेलात जाणं कायमचं बंद केलं. नातलगांत मात्र त्याचा विनोद झाला. कुठल्याही लग्नात कुणीतरी विचारायचंच, "काय बेबी, चायनीज खायले पळाली होती म्हणे?" सगळे खो खो हसायचे. माझे बाबासुद्धा.

मी पुण्याला नोकरीला लागले. "आपण दोघी जाऊ," असं तिला फोनवर कितीदा म्हणाले. नागपूरला गेले की तिने माझ्या आवडीचं करून ठेवलेलं असायचं, आणि मी निर्लज्जासारखी ते खाऊन यायचे.

गेल्या हिवाळ्यात ती ओट्यापाशीच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरवीला मी पंगतीत वाढत होते. काका शेजारच्यांना सांगत होते, "बेबीनं जिंदगीत कधी काही मांगितलं नाही. अशी बाई पाहाले भेटत नाही." लोक माना डोलावत होते.

मी बुंदीचं ताट खाली ठेवलं. "मागितलं होतं, काका. वर्षातून एकदा गरम जेवण. तुम्ही तेही बंद केलंत. आणि तेव्हा मी तुमच्या होला हो केलं होतं."

बाबांनी माझा दंड धरला, तो मी सोडवून घेतला. काका पानावरच रडायला लागले. सगळे त्यांना सावरायला धावले.

मी गेले नाही.