हलवा म्हणू नये

लालमहंमदच्या हातात स्टोव्ह दिला की तो आधी दोन पंप मारून कान लावायचा. पिन घालायच्या आधीच सांगायचा, "वायसर गेलंय," न्हाईतर "बर्नर खलास." अहमदपूरच्या एसटी स्टँडाजवळ त्याचं दुकान होतं, आणि नुसत्या आवाजावर रोग सांगणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. मग घरोघर गॅस आला. स्टोव्ह माळ्यावर चढले आणि लालमहंमद विम्यात उतरला. एका नव्या खाजगी कंपनीनं त्याला टाय दिला, बॅग दिली. बायको बानो म्हणाली, "टाय लावल्यावर रॉकेलचा वास जाईल व्हय?"

वास गेला. जळायची सवय मात्र विम्यात आल्यावरच लागली.

त्याला कारण रेणुकादास मास्तर. शाळेत गणित शिकवायचा आणि सरकारी विम्याच्या पॉलिस्या काढायचा. एजन्सी बायकोच्या नावावर. घरावर पाटी 'सौ. विशाखा, विमा प्रतिनिधी', आणि स्कूटरवर गावोगाव फिरणार हा. लालमहंमद कुणाच्याही ओसरीवर टेकला, की बॅगेची चेन उघडायच्या आत ऐकू यायचं, "आमचं मास्तरकडं हाय." नुसता विमाच न्हाई, पोरीची सोयरीक, म्हातारीच्या गुडघ्याचा डॉक्टर, पोराची अकरावी, समदं मास्तरकडं. ते तीन शब्द लालमहंमदला भाकरीतल्या खड्यासारखे लागायचे.

त्यात भूकंपाची गोष्ट. त्या साली मास्तर किल्लारीकडच्या शाळेवर होता. त्याचं गिऱ्हाईक मन्मथप्पा, त्याचं घर बसलं, त्यात तो गेला, आणि पॉलिसीचा कागद दगडमातीत गडप झाला. मास्तरनं आपल्या वहीतून नंबर काढला, अर्ज लिहिला, हेलपाटे घातले आणि चेक आणून मन्मथप्पाच्या बायकोच्या हातात दिला. त्यावर पोरगा वीरण्णा लातुरात शिकला. आता त्याच लातुरात त्याचा केमिस्ट्रीचा क्लास जोरात होता. चौकाचौकात त्याच्या पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. आणि हा वीरण्णा दरसाल निरोप समारंभात माईकवर मास्तरचं नाव घ्यायचा.

"मी काय तवा झोपलो होतो?" लालमहंमद बानोला म्हणायचा. "महिनाभर किल्लारीच्या पत्र्याच्या शेडात बसून मदतीतले स्टोव्ह फुकट नीट केले. बोटात पिना मोडल्या. माझं नाव कोन घेतंय?"

"मग घ्या की माईक," बानो म्हणायची.

म्हणून त्याला वीरण्णाच पाहिजे होता. दुसरे दहा मिळाले तरी नको. वीरण्णानं मास्तरची पॉलिसी मोडून आपल्याकडं यावं आणि एकदा चारचौघांत म्हणावं, "आमचं लालभाईकडं हाय."

कंपनीनं लातूरच्या हॉटेलात शिबिर घेतलं होतं. पुण्याचा साहेब म्हणाला होता, "गिऱ्हाईक दुसरीकडून आणायचं असेल तर जुन्या एजंटला नावं ठेवायची नाहीत. उलट स्तुती करायची. आणि 'पॉलिसी मोडा' कधीच म्हणायचं नाही. मोडणं अशुभ वाटतं. 'हलवा' म्हणायचं." लालमहंमदनं ते पाठच केलं. लातूरच्या गाडीत खिडकीला तोंड लावून पुटपुटत गेला.

वीरण्णाचं ऑफिस घरातच, खालच्या मजल्यावर. भूकंपापासून आई वरच्या मजल्यावर पाऊल ठेवत नव्हती, म्हणून त्यानं घरच खाली ठेवलं आणि क्लास वर. दाराशी ती, त्याची अव्वा, मेथी निवडत बसली होती.

"या लालभाई. आज इकडं कुठं?" वीरण्णा आतून म्हणाला.

"तुमच्याकडंच. आधी एक सांगतो अण्णा, मास्तरसारखा माणूस न्हाई." एवढं म्हणताना त्याला कारलं चावल्यासारखं झालं, पण त्यानं ते गिळलं. "त्यांनी केलं ते कुणी करनार न्हाई. पन जमाना बदलला. तुमची लेक लहान. जुन्या पॉलिसीत आता दम न्हाई."

"म्हंजे मोडू म्हनता?"

"छ्या! मोडायची कशाला? नुसती हलवायची." त्यानं टेबलावरची फाईल दोन्ही हातांनी धरून जोरात पुढं लोटली. "अशी हलवली, की..."

टेबल डगमगलं. बशीत कप खडखडले.

दाराशी अव्वाचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. ती वर छताकडं बघू लागली.

"काय हलवायचं म्हनतोय त्यो?"

"कागद, अव्वा. नुसता कागद," वीरण्णा म्हणाला.

"मग सरकवायचं म्हन म्हनावं."

लालमहंमदची कानशिलं तापली. हे त्याला ठाऊक होतं की! शेडात पहिल्याच दिवशी 'स्टोव्ह जरा हलवतो' म्हणाला, तशा रांगेतल्या बाया दचकून मागं सरल्या होत्या. त्यानंतर महिनाभर तो 'सरकवा' म्हणत होता. किल्लारीकडं अजून कुणी पाळणा हलव म्हणत न्हाई, झोका दे म्हणतात. मास्तरचं गिऱ्हाईक फोडायच्या नादात तेवढं डोक्यातून गेलं.

मग साहेबानं शिकवलेलं समदं सुटलं आणि तो बोलून बसला, "अव्वा, मी व्हतो तिथं. शेडात. स्टोव्हवाला."

अव्वानं डोळे बारीक केले. "हाव की! मास्तरनं आनलेला."

"मास्तरनं?"

"त्याच्याच गाडीवर मागं बसून आलतास न्हवं? मांडीवर पत्र्याची पेटी."

खरं होतं. मास्तर स्टँडावर येऊन म्हणाला होता, "चल रे लाल, तिथं ढीगभर स्टोव्ह पडलेत, दुरुस्त करणारा हात नाही." अकरा वर्षांत लालमहंमदनं त्या आठवणीतून गाडी चालवणारा माणूस उचलून बाहेर ठेवला होता.

वीरण्णानं त्याच्यासमोरच मास्तरला फोन लावला. लालमहंमद कान लावून बसला. मनातून त्याला वाटत होतं, मास्तरनं आपल्याला शिव्या घालाव्यात. निदान 'भुरटा' म्हणावं. मग रागवायला तरी मोकळे.

"जी... जी... इथंच बसलेत." वीरण्णानं फोन ठेवला. "मास्तर म्हनले, जुनी मोडू नको, नुकसान हाय. पन लेकीसाठी एक नवी काढ, आन् ती लालमहंमदकडंच काढ. म्हनले, पिन घालायच्या आधी रोग सांगनारा मानूस हाय."

जन्मभर हेच चार शब्द कुणीतरी बोलावेत म्हणून तो तडफडत होता. बोलला तर कोण! त्यानं फॉर्म काढला, सह्या घेतल्या, चहा गार करून प्याला.

घरी तो टाय काढत होता तेव्हा बानोनं विचारलं, "मिळाली?"

"हाव."

"मग तोंड नापास झाल्यावानी का?"

"मिळाली न्हाई. त्यानं दिली."

"मग पेढे घेऊन जावा त्यांच्याकडं. रीत हाय."

सकाळी तो गेला. पाव किलोच घेतले. मास्तर ओसरीवर पेपर वाचत बसला होता. "ये रे लाल," म्हणत त्यानं हात पुढं केला. लालमहंमदनं पुडा त्याच्या हातावरून तसाच पुढं नेला आणि आत आवाज दिला, "विशाखावहिनी! पाटीवर नाव तुमचं, एजंट तुम्ही. पेढे तुम्हाला."

मास्तर खदखदून हसला. त्याचा हात मात्र तसाच पुढं राहिला होता. लालमहंमदला तेवढंच बरं वाटलं.