कोळशावरचं गाणं

विजेचा शोध दुसऱ्या कुणी तरी लावला असेल, पण रेडिओवर गाणं वाजतं ते आपल्यामुळे, याबद्दल माझ्या मौसाजींना तिळमात्र शंका नव्हती. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर नोकरी, वसाहतीत दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवलेला, प्लग लावून चालणारा, देवघरापेक्षा मोठा रेडिओ. नागपूरला रेडिओचं, जाहिराती आणि फर्माइशी गाण्यांचं नवं केंद्र सुरू झालं तेव्हा सगळी वसाहत खूश झाली. मौसाजींची मात्र जबाबदारी वाढली. भजनाला कोळसा कमी लागतो, शास्त्रीय गाण्याला बेताचा, पण दुपारच्या फर्माइशी गाण्यांना, त्यातून ढोलक असेल तर, भट्टी चांगली रसरसलेली लागते, असं त्यांचं पक्कं मत होतं. कुणी म्हटलं, की आज गाणी छान लागली होती, तर ते खाली मान घालून म्हणत, "आज कोळसा चांगला होता." साबणाच्या जाहिराती म्हणजे तर शुद्ध वीजचोरी. जाहिरात लागली की ते उठून खटकन बटण बंद करत आणि मग अंदाजाने पुन्हा लावत. तो जुना रेडिओ गरम होईपर्यंत अर्धं गाणं संपलेलं असे. मी एकदा म्हटलं, "मौसाजी, सुरुवात तर ऐकू द्या." तर म्हणाले, "सुरुवात तुह्या घरी ऐक गा. भट्टीपुढे मी भाजून राहिलो, साबणवाला नाही."

असा माणूस सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे कोणत्या नजरेने पाहत असेल ते सांगायला नको. शेजाऱ्याने ट्रान्झिस्टर घेतला त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडचा चहा सोडला. मुलीच्या, म्हणजे सुमनच्या, लग्नाचा बस्ता काढायला आम्ही गांधीबागेत गेलो, तर कापडवाल्याच्या गादीवर ट्रान्झिस्टर गात होता. मौसाजी पायरीवरूनच मागे फिरले. "आवो, आपण लुगडी घ्याले आलो, रेडिओ नाही," मावशी कळवळून म्हणाली. अखेर एका मुक्या दुकानात बस्ता निघाला, आणि रंग मावशीला शेवटपर्यंत आवडले नाहीत.

पण खरा घोटाळा झाला लग्नात. नवरदेव पारशिवनीकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावाने गरीब. आमच्याकडे नवरदेवाने जेवणाच्या पाटावर रुसून बसायची आणि मागितलेली वस्तू मिळाली की हसायची रीत आहे. कुणी घड्याळावर हसतो, कुणी सायकलवर. या पठ्ठ्याने मान खाली घालून हळूच सांगितलं, "ट्रान्झिस्टर."

मौसाजींचा चेहरा उतरला. "माह्या घरचा रेडिओ घेऊन जा. फळीसकट ने. पण सेलवाला मी देनार नाही!" पंगत खोळंबली, वरण निवलं, मावशीने कपाळाला हात लावला. व्याही मिशीवरून हात फिरवत उठले आणि आपल्या माणसांना म्हणाले, "चला रे, बैल जुपा." तेव्हा आतल्या दारातून, बाशिंग बांधलेली सुमन म्हणाली, "बाबा, त्यायच्या गावात विजेचा खांबच नाही. तुमची वीज तिथं येतच नाही. मी काय ऐकू?"

मौसाजी चपला न घालताच शेजाऱ्याच्या दारात गेले, त्याचा ट्रान्झिस्टर विकत मागून आणला आणि जावयाच्या पाटाजवळ ठेवला. नवरदेव हसला. पंगत जेवली.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर सुमनकडे गेलो. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले होते आणि बाजाराच्या दिवसाशिवाय नवे मिळणार नव्हते. सुमनने ते काढून अंगणातल्या दगडावर उन्हात मांडले. तापले की थोडा वेळ आणखी चालतात म्हणाली. मौसाजी डोक्यावर टॉवेल टाकून दगडाशी उकिडवे बसले. कोंबडी आली की हाकलत, सावली आली की सेल पुढे सरकवत.

"मौसाजी, आत चला, ऊन लागेल," मी म्हटलं.

"तू जेवून घे गा. माही ड्यूटी चालू हाय."

फर्माइशी गाण्यांची वेळ होत आली होती. मला त्या हट्टी माणसाची फार माया वाटली. घरातून सुमनने विचारलं, "बाबा, तापले का?" त्यांनी एकेक सेल उचलून गालाला लावून पाहिला.

"थोडं थांब, माय," ते म्हणाले. "तुह्या गाण्याले कमी पडू देनार नाही."